'पदर' आणि 'बुरखा' : मराठीतील आच्छादनवाचक शब्दांची एक चिकित्सा

१

मुस्लिम स्त्रियांच्या पारंपरिक वेषासंबंधी मराठीत जे लेखन होते त्यामागे बहुधा सुधारणेचा, निषेधाचा वा समर्थनाचा हेतू असतो. हेतू कोणताही असो, अशा लेखनात वेषाविषयी मते पुष्कळ आढळतात. ज्या शब्दांच्या आधारे ती मते मांडली जातात त्या शब्दांची तपासणी मात्र क्वचितच झालेली दिसते. बुरखा असावा की नसावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. तो प्रश्न महत्त्वाचा आहे; परंतु त्याचे उत्तर देण्यास भाषाशास्त्राचा अभ्यासक इतरांहून अधिक अधिकारी आहे असे नाही. त्याच्या अधिकारात येणारा प्रश्न निराळा आहे. हा वेष मराठी भाषा कोणत्या शब्दांनी सांगते, त्या शब्दांना तिने कोणते अर्थ दिले, आणि त्या अर्थांमुळे तो वेष धारण करणाऱ्या स्त्रीकडे पाहण्याची आपली दृष्टी कशी घडली, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न सुचला तो परळ येथे. गिरण्यांचा भाग म्हणून परळची ख्याती होती, आणि गिरण्या गेल्यावरही रुग्णालयांमुळे तेथे साऱ्या महाराष्ट्रातील माणसे येतात. अशाच एका ठिकाणी केसपेपरच्या रांगेत प्रस्तुत लेखकास काही वेळ उभे राहावे लागले. रांगेत पुढे तीन स्त्रिया होत्या. पहिलीने नऊवारीचा पदर डोक्यावरून घेतला होता. खिडकीवरच्या माणसाने तिला 'आजी, पुढे या' म्हणून बोलावले. दुसरी तरुण होती. तिला 'ताई' हे संबोधन मिळाले. तिसरी वृद्ध होती, अंगावर काळा बुरखा होता, चेहरा उघडा होता. तिला हाक आली ती अशी : 'बुरखेवाली, आगे आओ.' ती पुढे झाली आणि शांतपणे म्हणाली, 'मराठीतच विचार, बाबा. मी चिपळूणची.' खिडकीवरचा माणूस किंचित ओशाळला. त्याच्या बोलण्यात द्वेष नव्हता, केवळ सवय होती. त्यानंतरचे सर्व प्रश्न त्याने तिला मराठीत विचारले, आणि विचारताना तो तिला 'आजी' म्हणू लागला.

प्रसंग एवढाच. परंतु त्यात भाषेच्या दृष्टीने एकाच क्षणी तीन गोष्टी घडल्या. व्यक्तीला तिच्या वस्त्राचे नाव मिळाले. अपरिचित स्त्रीला नात्याच्या शब्दाने हाक मारण्याची जी मराठीची रीत, ती स्थगित झाली. आणि वस्त्र पाहताच बोलणाऱ्याने भाषा बदलली. या तिन्हींचे मूळ एका शब्दाच्या अर्थेतिहासात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. म्हणून आरंभ तेथूनच करावयाचा.

२

स्त्रीच्या आच्छादनाशी संबंधित असे जे शब्द मराठीत फार्सी-अरबीतून आले, त्यांच्या मूळ अर्थांकडे पाहिल्यास एक लक्षणीय गोष्ट ध्यानात येते. त्यांतील बहुतेक शब्द मुळात वस्त्राचे नव्हेत, स्थळाचे वा आडोशाचे आहेत. 'गोषा' म्हणजे फार्सीत कोपरा. त्यावरून एकांत आणि एकांतावरून स्त्रियांनी परपुरुषांच्या दृष्टीआड राहण्याची चाल. 'पडदा' म्हणजे मुळात टांगलेले कापड. त्यावरून तीच चाल. 'हिजाब' या अरबी शब्दाचाही मूळ अर्थ आड येणारी वस्तू, अडसर, असाच आहे. कुराणात हा शब्द अंतरपटासारख्या आडोशासाठी योजलेला असून अंगावरच्या वस्त्रांसाठी 'खिमार' आणि 'जिल्बाब' हे निराळे शब्द येतात. आज जगभर 'हिजाब' म्हणजे डोके व मान झाकणारा रुमाल असा अर्थ रूढ झाला आहे. म्हणजे जो शब्द खोलीला लागू होता तो देहाला लागू झाला. स्त्री घराबाहेर पडू लागली तेव्हा तिच्याबरोबर घराची भिंतही निघाली, असे या अर्थांतराचे स्वरूप वर्णावे लागते.

हे केवळ अरबी-फार्सीचे वैशिष्ट्य आहे असे मानण्याचे कारण नाही. 'शालीन' हा शब्द आपण विनयाच्या अर्थाने योजतो. पाणिनीने तो 'शाला' या शब्दावरून साधला आहे. 'असूर्यंपश्या' हा, सूर्यदेखील जिला दिसत नाही अशा अंतःपुरातील स्त्रीचा वाचक शब्द, संस्कृत व्याकरणपरंपरेतील एक प्रसिद्ध उदाहरण आहे. 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात शकुंतला दुष्यंताच्या सभेत येते ती अवगुंठन घेऊन, आणि ओळख पटावी म्हणून गौतमी ते अवगुंठन दूर करते. मर्यादेची कल्पना घरावरून बांधावयाची आणि मग ती वस्त्रात उतरवावयाची, ही रीत दोन्ही परंपरांना समान आहे. मराठीतही 'गोषा' हा शब्द केवळ मुसलमानांपुरता कधीच नव्हता. मराठा सरदारांच्या आणि संस्थानिकांच्या घराण्यांत गोषा पाळला जाई, आणि आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत तो खानदानीपणाची खूण म्हणून वर्णिला जातो.

या मालिकेत 'बुरखा' हा शब्द वेगळा पडतो. तो आरंभापासून वस्त्राचाच शब्द आहे. अरबीत त्याचा अर्थ मुख झाकणारे वस्त्र असा होता; भारतात येता येता त्याचा अर्थविस्तार होऊन डोक्यापासून पायांपर्यंतचे आच्छादन असा अर्थ झाला. मराठीने तो याच विस्तृत अर्थाने घेतला. येथपर्यंत काही विशेष घडले नाही. विशेष घडले ते त्यानंतर, लक्षणेच्या प्रांतात.

३

मराठीत 'बुरखा' हा शब्द वाच्यार्थापेक्षा लक्ष्यार्थानेच अधिक वेळा योजला जातो. सभ्यतेचा बुरखा, देशभक्तीचा बुरखा, धार्मिकतेचा बुरखा. बुरखा पांघरणे, बुरखा फाडणे, बुरखा टराटरा फाडणे. अग्रलेखापासून विधिमंडळातील भाषणापर्यंत हे प्रयोग इतके रुळलेले आहेत की लिहिणाऱ्याच्या मनात त्या वेळी कोणतेही वस्त्र नसते. या साऱ्या प्रयोगांचा अर्थ मात्र एकच : बुरखा म्हणजे ढोंग, आणि तो फाडणे म्हणजे सत्कार्य.

याच्या शेजारी 'पदर' हा शब्द ठेवून पाहावा. पदरही आच्छादनच आहे. डोक्यावरून घेतला असता तो केस झाकतो, पुढे ओढला असता चेहराही झाकतो. परंतु मराठीने या शब्दाचा केवढा संसार मांडला आहे! पदरात घेणे म्हणजे आश्रय देणे, क्षमा करणे; पदरी पडणे म्हणजे लाभणे; पदर पसरणे म्हणजे याचना करणे; पदरमोड करणे म्हणजे स्वतःचे खर्चून दुसऱ्याचे काम करणे. राजाच्या पदरी विद्वान असत. दोन घराण्यांचा पदर लागतो म्हणजे त्यांचे नाते जुळते. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) काय किंवा दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त (१९३२–३८) काय, 'पदर' या नोंदीचा विस्तार पाहिला म्हणजे हा शब्द मराठी मनाच्या किती जवळचा आहे हे कळून येते. समीक्षकांच्या परिभाषेतही तो शिरला आहे : कवितेच्या अर्थाला अनेक पदर असतात असे आपण म्हणतो. कवितेला पदर असतात. बुरखा मात्र ढोंगालाच असतो.

'पदर' या शब्दाला जाचक बाजू नाही, असे नव्हे. 'पदर ढळणे' या प्रयोगात स्त्रीवरची पाळत स्पष्ट आहे, आणि डोक्यावरून पदर घेण्याची सक्ती किती सुनांनी सोसली याची मोजदाद नाही. तथापि भाषेने पदराची जाचक बाजू आणि उदार बाजू अशा दोन्ही नोंदविल्या. बुरख्याची एकच नोंदविली.

यावर असा आक्षेप घेता येईल की, हा दोष मराठीचा नव्हेच. ज्या फार्सी-उर्दू परंपरेतून हे शब्द आले तिच्यातच ही लक्षणा आहे. 'बेनकाब करणे' आणि 'पर्दाफाश करणे' हे प्रयोग तिकडूनच आले. आक्षेप वस्तुतः खरा आहे. परंतु तो अर्धाच खरा आहे. उर्दूत 'पर्दाफाश' आहे, तद्वत 'पर्दापोशी' हाही शब्द आहे, आणि त्याचा अर्थ दुसऱ्याच्या दोषांवर आच्छादन घालण्याचा सद्गुण असा आहे. 'सत्तार', म्हणजे झाकणारा, हे परमेश्वराचे एक विशेषण मुस्लिम समाजात रूढ आहे; अब्दुल सत्तार हे नाव त्यावरूनच पडते. उर्दू काव्यात नकाब सौंदर्याचा असतो, संकोचाचा असतो, कधी सृष्टीमागील रहस्याचाही असतो. म्हणजे मूळ परंपरेत आच्छादनाची निंदा आणि आच्छादनाची थोरवी या दोन्ही बाजू समोरासमोर नांदतात. मराठीने 'पर्दाफाश' घेतला आणि 'पर्दापोशी' सोडून दिली. उसनवारीत भाषा काय घेते यावरून तिची गरज कळते. काय सोडते यावरून तिची दृष्टी कळते.

झाकण्याचे मोल मराठीला ठाऊक नाही असेही नाही. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपल्याच भाषेतील आहे, आणि विवाहात वधूवरांमध्ये धरला जाणारा अंतरपट हा आपल्या दृष्टीने मंगल आहे. रंगभूमीमुळे 'पडदा' हा शब्दही बचावला. पडदा उघडतो तेव्हा उत्सुकता वाढते, आणि थोर पुरुष काळाच्या पडद्याआड जातात. एकट्या 'बुरखा' या शब्दालाच असा कैवारी लाभला नाही. त्याचे कारण उघड आहे. पदर, अंतरपट आणि नाटकाचा पडदा या वस्तू मराठी लेखकाने आतून पाहिल्या होत्या. बुरखा त्याने बाहेरूनच पाहिला. आतून पाहणाऱ्याला वस्त्राचा स्पर्श, उकाडा, सोय, अडचण, कंटाळा, सुरक्षितता हे सारे जाणवते; बाहेरून पाहणाऱ्याला फक्त एवढेच जाणवते की आपल्याला आतले दिसत नाही. 'बुरखा' या शब्दाचा मराठी लक्ष्यार्थ म्हणजे पाहणाऱ्याच्या या अडचणीचे नाव आहे, नेसणाऱ्याच्या स्थितीचे नव्हे.

४

दुसरा दोष अर्थाच्या अतिव्याप्तीचा आहे. मुंबईत दिसणारे मुस्लिम स्त्रियांचे वेष एका शब्दात मावणारे नाहीत. जुन्या घडणीचा टोपीचा बुरखा, ज्यात डोळ्यांपुढे जाळी असते, आता विरळ झाला आहे. त्यानंतर वरचा आणि खालचा असे दोन भाग असलेला, चेहऱ्यावर नकाब टाकता वा मागे सारता येईल असा बुरखा आला. आखाती देशांत नोकरीस गेलेल्या कुटुंबांबरोबर अबाया आला. तो एक सैल, लांब झगा असून त्यावर हिजाबाचा रुमाल निराळा बांधावा लागतो. दाऊदी बोहरा स्त्रियांचा रिदा याहून वेगळा. तो काळा नसतो. फिक्या, प्रसन्न रंगांचा, कडांना लेस लावलेला असा दुभागी वेष तो, आणि त्यात चेहरा उघडाच असतो. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तो त्या समाजात सार्वत्रिक झाला. कोकणच्या खेड्यांतील जुन्या पिढीतील पुष्कळ मुस्लिम स्त्रिया पदर वा ओढणी डोक्यावर घेऊन शेतात आणि बाजारात वावरत; त्यांच्या मुली-नाती बुरखा घेऊ लागल्या ही तुलनेने अलीकडची गोष्ट आहे. म्हणजे ज्याला आपण सरसकट 'पारंपरिक' म्हणतो त्यातील काही भाग आजीच्या नव्हे, नातीच्या काळातील आहे.

या सर्वांना मराठीत सामान्यतः 'बुरखा' हा एकच शब्द योजला जातो. २०२२ साली कर्नाटकातील वादामुळे 'हिजाब' हा शब्द मराठी वृत्तपत्रांत घरोघर पोचला. परंतु भर पडली ती अर्थाची नव्हे, केवळ पर्यायाची. अनेक लेखांत 'हिजाब' आणि 'बुरखा' हे शब्द एकाच परिच्छेदात एकमेकांच्या जागी फिरताना दिसतात.

हा कोशकाराचा किरकोळ कटकटीपणा आहे असे कोणी म्हणेल. तसे नाही, हे मुंबईतीलच एका प्रकरणावरून दिसते. २०२४ मध्ये चेंबूर येथील एका महाविद्यालयाच्या वेषनियमांत हिजाब, नकाब, बुरखा, स्टोल, टोपी आणि बिल्ला यांचा वेगवेगळा निर्देश करून त्यांना मनाई करण्यात आली. विद्यार्थिनींची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी अंतरिम आदेश देताना हिजाब, टोपी आणि बिल्ला यांच्यावरील मनाईस स्थगिती दिली. वर्गात बुरखा घालण्यास मात्र मोकळीक दिली नाही. याचा अर्थ असा की, त्या आदेशापुरते एखाद्या मुलीने वर्गात बसावे की दारातून परतावे, हे 'हिजाब' आणि 'बुरखा' या दोन शब्दांतील अर्थभेदावर अवलंबून होते. जो भेद न्यायालयाने केला तो ज्या भाषेच्या वाचकाला ठाऊकच नाही, त्या भाषेत या निर्णयाची चर्चा कशी व्हावी? मग ती चर्चा अनुकूल असो की प्रतिकूल.

नावाने वस्तूचे भवितव्य कसे बदलते याचे एक उलट उदाहरणही घेण्यासारखे आहे. सलवार-कमीज या वेषाकडे महाराष्ट्रात एके काळी परका वेष म्हणून पाहिले जाई. मराठीने त्याला 'पंजाबी ड्रेस' असे नवे नाव दिले, आणि त्या नावाखाली तो शाळा-कचेऱ्यांत, खेड्यापाड्यांत निर्वेधपणे पसरला. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर दुचाकीवरून जाणाऱ्या मुली ऊन आणि धूळ यांपासून रक्षणासाठी डोळे वगळता सारा चेहरा कापडाने गुंडाळून घेतात; अंगावर सनकोट असतो. चेहरा किती झाकला याचा हिशेब केला तर हे आच्छादन कित्येक बुरख्यांहून अधिक आहे. परंतु त्याचे नाव 'स्कार्फ' असे असल्यामुळे त्याच्यावर कोणी अग्रलेख लिहीत नाही. दोहोंमागील कारणे भिन्न आहेत, हे मान्य. परंतु कारणांचा भेद विचारात घ्यावयाचा तर तो विचारून घ्यावा लागतो. नावावरून तो गृहीत धरता येत नाही.

५

आता परळच्या रांगेतील त्या हाकेकडे पुन्हा वळू. 'आगे आओ' हे शब्द हिंदीचे. म्हणजे त्या हाकेतच बोलणाऱ्याने भाषा बदललेली होती. समोरच्या स्त्रीने अद्याप तोंडही उघडले नव्हते. तिची भाषा ठरविली ती तिच्या वस्त्राने.

मुंबईत हे इतके नित्याचे आहे की ते आपल्या लक्षातही येत नाही. कोकणी मुसलमानांच्या घरात बोलली जाणारी बोली कोकणी-मराठीच्याच कुळातील आहे. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र येथील असंख्य मुस्लिम स्त्रिया घरात दख्खनी आणि दारात मराठी सहज बोलतात. हमीद दलवाई यांनी 'लाट' (१९६१) आणि 'इंधन' (१९६५) ही पुस्तके मराठीत लिहिली, आणि मेहरुन्निसा दलवाई यांच्या आत्मकथनाचे नाव 'मी भरून पावले आहे' (१९९५) असे आहे. या नावात जो वाक्प्रचार आहे तो कोणत्याही भाषांतराने साधणारा नव्हे. तो मराठीत मुरलेल्या बाईच्याच तोंडी येणारा आहे. १९९० साली सोलापूर येथे पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यालाही आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला. असे असूनही वस्त्र दिसताच मराठी माणूस मराठी सोडून देतो. त्यात त्याला सौजन्यच वाटते. समोरच्या स्त्रीला मात्र त्यातून असे कळते की, या भाषेत तिला जागा नाही.

'-वाला' या प्रत्ययाचाही विचार करावयास हवा. हा प्रत्यय अपमानकारक नाही. दूधवाला, भाजीवाली, पेटीवाला हे शब्द माणसाचा व्यवसाय सांगतात. गिरणगावात वाढलेल्या नारायण सुर्वे यांच्या 'शीगवाला' या कवितेत हाच प्रत्यय आहे. परंतु तेथील मुसलमान पुरुष केवळ शीगवाला नाही. तो दाऊदचाचा आहे. त्याला नाव आहे, नाते आहे, आणि मराठी व हिंदुस्थानी यांच्या सरमिसळीतून घडलेली त्याची स्वतःची बोली आहे, जी कवीने जशीच्या तशी कवितेत येऊ दिली. 'शीगवाला' हा शब्द माणूस काय करतो हे सांगतो. 'बुरखेवाली' हा शब्द माणसावर काय आहे एवढेच सांगतो. पहिल्यात प्रत्ययाने माणसाचा परिचय होतो, दुसऱ्यात परिचयाची गरजच संपते. परळ-लालबागच्या कामगार साहित्याने दाऊदचाचाला मराठीत आणले. त्याच्या घरातील बाईला आणण्याचे काम पुष्कळसे राहिलेले आहे.

६

येथे सर्वांत गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. पडदापद्धतीने स्त्रीचे आरोग्य, शिक्षण आणि स्वातंत्र्य यांची हानी केली आहे. अशा स्थितीत शब्दांच्या छटांविषयी हळवे होणे म्हणजे सुधारणेच्या कार्यात खो घालणे नव्हे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४०च्या दशकात पाकिस्तानविषयक ग्रंथात पडद्यावर अत्यंत कठोर टीका केली, तेथे त्यांनी भीड बाळगली नाही. मग मराठी लेखकाने का बाळगावी?

या आक्षेपाचे उत्तर आंबेडकरांच्याच चरित्रात सापडते. ते १९१२ पासून १९३४ पर्यंत परळच्या पोयबावडी भागातील बी. आय. टी. चाळीत राहत होते. त्याच काळात, १९२७ च्या डिसेंबरात, महाड येथील सत्याग्रह परिषदेच्या वेळी त्यांनी जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांसमोर भाषण केले. लुगडे नेसण्याची जी पद्धत आणि जे दागिने पाहून तुमची जात ओळखली जाते ते टाकून द्या, असा त्याचा एक आशय होता. आणि अनेक स्त्रियांनी तेथेच नेसण्याची पद्धत बदलली, हे सर्वज्ञात आहे. वस्त्रावर त्यांनी टीका केली, तीही स्पष्ट शब्दांत. परंतु त्या भाषणात दोन गोष्टी होत्या, ज्या आजच्या चर्चेत नाहीत. पहिली ही की, ते त्या स्त्रियांविषयी बोलत नव्हते, त्यांच्याशी बोलत होते. त्यांच्या वाक्यांचा कर्ता द्वितीयपुरुषी होता. दुसरी ही की, वस्त्रात दोष आहे तो वस्त्र नेसणारीच्या कपटाचा नव्हे, वस्त्रावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्या समाजाचा आहे, हे त्यांना पूर्णपणे ठाऊक होते.

हमीद दलवाई यांच्या कार्याविषयीही हेच म्हणता येईल. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांविरुद्ध मोर्चा निघाला तो सात मुस्लिम स्त्रियांचा. संख्या अल्प होती. पण त्या सातजणी कोणाच्या वाक्यातील कर्म नव्हत्या, स्वतःच्या वाक्याच्या कर्त्या होत्या. १९७० साली पुण्यात स्थापन झालेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाची भाषा कठोर होती, पण ती घरातली कठोर भाषा होती. सुधारणेची भाषा आणि तिरस्काराची भाषा यांत शब्द समान असू शकतात. पुरुष मात्र समान नसतो. एकीत 'तू' आणि 'मी' असतात, दुसरीत केवळ 'ती'.

म्हणून शब्दांची चिकित्सा ही सुधारणेच्या आड येत नाही. उलट तिच्यावाचून सुधारणेचा शब्द ज्या व्यक्तीसाठी आहे तिच्यापर्यंत पोचत नाही. ज्या भाषेत बुरखा म्हणजे ढोंग, त्या भाषेत बुरखा घेणाऱ्या स्त्रीला 'तो काढ' असे सांगणे म्हणजे तिला आधी ढोंगी ठरविणे होय. ज्या स्त्रीवर तो लादलेला आहे तिला हे ऐकून धीर येणार नाही, आणि जिने तो स्वतः स्वीकारला आहे तिला विचार करावासा वाटणार नाही. टीका अशा वेळी कठोर असूनही निष्फळ ठरते.

'बुरखा फाडणे' हा वाक्प्रचार आता मृत झाला आहे, तो वापरताना कोणाच्या मनात मुस्लिम स्त्री नसते, असेही म्हटले जाईल. मृत रूपके निरुपद्रवी असतात, हे खरे. पण ती मृत असतात ती बोलणाऱ्यापुरती. ज्या मुलीची आई बुरखा घेते, तिने शाळेच्या निबंधात हा वाक्प्रचार प्रथम लिहिला असेल तेव्हा तो तिच्यासाठी मृत नसणार. वाक्प्रचार बंद करावा असे सुचविण्याचा येथे उद्देश नाही. भाषा हुकुमाने बदलत नाही. परंतु समीक्षकाने, संपादकाने आणि कोशकाराने तो जाणून वापरावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

अभ्यासकांपुढील कामे यातून स्पष्ट होतात. कोशांत बुरखा, नकाब, हिजाब, अबाया, रिदा, ओढणी यांच्या नोंदी वेगवेगळ्या व वस्तुनिष्ठ असाव्यात. वाच्यार्थ आधी आणि लक्ष्यार्थ नंतर, असा त्यांचा क्रम असावा. मराठी कथा-कादंबऱ्यांत मुस्लिम स्त्री येते तेव्हा ती कोणत्या संबोधनाने येते, कोणत्या भाषेत बोलते आणि तिच्या वस्त्राचे वर्णन कोणाच्या दृष्टीने होते, याची पद्धतशीर पाहणी व्हावी. आणि सर्वांत निकडीचे काम म्हणजे, कोकणी व दख्खनी बोलणाऱ्या घरांतील स्त्रिया आपल्या वस्त्रांना, ती नेसण्याच्या रीतींना आणि त्यांविषयीच्या आवडी-नावडींना कोणते शब्द योजतात, ते त्यांच्याच तोंडून टिपून घेतले पाहिजे. तो शब्दसंग्रह मराठीचाच आहे. चिपळूणच्या त्या वृद्ध बाईंना केवळ केसपेपर हवा होता. तरी ज्या भाषेत तो मागावयाचा ती आपलीच आहे, हे त्यांना आधी सिद्ध करावे लागले. ही वेळ त्यांच्यावर आणणाऱ्या सवयीत आपल्या वाङ्मयाचा आणि कोशांचा वाटा किती, हे तपासणे आपल्या विभागांचे काम आहे.